माळ्यावरच्या नोंदी

या, अशा पुढं सरकून बसा. बुवांची गाडी अजून दारव्ह्याच्या फाट्यावर आहे म्हणतात आणि पेटीवाल्याचा सूर काही लागून नाही राहिला. तेवढ्यात एक आख्यान सांगतो. पोथीतलं नाही, माझ्या देखत घडलेलं. लेकरांना उठवू नका, ऐकू द्या. अंगावर काटा येईल, पण आख्यानात तो यायलाच पाहिजे. नाही तर नुसत्या टाळ्या वाजवून घरी जायचं, त्यात काय पदरात पडतं?

"खोडेभाऊ, दाबा," डॉक्टर पुंडकर म्हणाले.

मी बटण दाबलं. बोट वर यायच्या आत पडद्यावर उत्तर हजर.

"अरे बाप्पा!" डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "पुन्हा दाबा."

पुन्हा तसंच. नोंदणीच्या खिडकीवरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. पाडव्याचा दिवस होता. रक्तपेढीच्या दाराशी गुढी उभी होती, आत पेढे फिरत होते आणि त्या गडबडीत एकच बाई गप्प होत्या. ज्यांनी हे सगळं केलं त्याच. इंगोले मॅडम.

मी त्या वेळी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका धर्मादाय रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो. तिचं नाव सांगत नाही. चांगली माणसं होती, चांगलं काम चालायचं. दुखणं एकच होतं, आमचा डेटाबेस. रक्तदाते, पेशंट, पिशव्या, तपासण्या, सगळं त्यात. वर्षानुवर्षं साठत गेलेलं. नाव टाकलं की पडद्यावर गोल चकरी फिरायची आणि फिरतच राहायची. एकदा ट्रॅक्टरखाली सापडलेला माणूस पलीकडच्या दवाखान्यात रक्ताची वाट बघत होता आणि आम्ही इकडे चकरी बघत होतो. तो वाचला, पण डॉक्टर पुंडकरांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी अमरावतीला फोन लावला.

इंगोले मॅडमचा तो धंदाच होता. थकलेले डेटाबेस चालते करायचे. पन्नाशीच्या, ठेंगण्या, एसटीनं यायच्या, खांद्याला लॅपटॉपची पिशवी आणि हातात बडीशेपेची डबी. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं असेल हो याला?"

"दुभत्या म्हशीला होते तेच," मॅडम म्हणाल्या. "चारा घालता, शेण काढत नाही."

डॉक्टरांना ते इतकं आवडलं की आठवडाभर येईल त्याला सांगत सुटले.

मला त्यांनी फार प्रेमानं समजावलं. म्हणाल्या, "खोडेभाऊ, तुम्ही पोथी वाचता ना? नवव्या अध्यायात मोरपीस ठेवलं असेल, तर पोथी उघडली की नववा अध्याय. पीस नसेल तर पहिल्या पानापासून चाळा. डेटाबेसमधल्या मोरपिसाला इंडेक्स म्हणतात. तुमच्या पोथीत एकही पीस जागेवर नाही."

त्यांनी ती पिसं ठेवली. मग जागेचा प्रश्न आला. डिस्क गळ्यापर्यंत भरली होती. मॅडमनी यंत्राचा स्वतःचाच लॉग काढला. कोणती नोंद कधी उघडली, ते यंत्र आपल्या मनाशी टिपून ठेवतं. त्यात दिसलं, सात वर्षांहून जुन्या पेशंटांच्या नोंदी कोणी उघडतच नाही.

"मग टाका माळ्यावर," डॉक्टर म्हणाले.

"यात लागणारं काही नाही ना?"

"मॅडम, सात वर्षांत कोणाला लागलं नाही, ते उद्या कोणाला लागणार आहे?"

मला पटलं. सगळ्यांनाच पटलं. मॅडमनी त्या नोंदी आवळून, दाबून दुसऱ्या डिस्कवर ठेवल्या. आम्ही तिला खरंच माळा म्हणायचो. पुसलं काहीच नाही. फक्त खिडकीवरच्या यंत्राचा पडदा आता माळ्यावर चढत नव्हता. खालच्या खालीच बघून उत्तर द्यायचा.

तर पाडव्याला टाळ्या चालल्या होत्या, आणि मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, "एवढं पळायला नको होतं."

"आता घ्या!" डॉक्टर हसले. "हळू चाललं तर रडायचं, पळालं तर रडायचं. नवरीला काजळही चालत नाही आणि कुंकूही."

"एखादी क्वेरी, म्हणजे यंत्राचा शोध, एकदम पळायला लागली ना डॉक्टर, की मला प्रश्न पडतो, हिनं वाचायचं काय सोडलं?"

"पेढा खा."

मॅडमनी पेढा हातात धरला आणि दुसऱ्या हातानं नेहमीच्या पेशंटांची नावं टाकून बघितली. दर महिन्याला येणारी, आम्हाला तोंडपाठ असलेली. सगळी बरोबर आली. जुन्या पद्धतीनं जे उत्तर येई, नव्यानंही तेच. तेव्हा कुठे त्यांनी पेढा खाल्ला. "चैत्र संपायच्या आत एकदा येऊन बघून जाते," म्हणाल्या आणि अडीचची एसटी धरली.

त्या आल्या तेव्हा ऊन असं होतं, की दवाखान्याच्या पत्र्यावर कावळा टेकत नव्हता. दुपारची वेळ. मॅडम आतल्या खोलीत यंत्र तपासत बसल्या होत्या. तेवढ्यात पलीकडून वॉर्डबॉय धावत आला, हातात रक्ताचा नमुना. ललिता चिंचोळकर, वय बावीस. मोपेडवरून पडली, मांडीचं हाड मोडलं, आतून रक्त जात होतं. वर सिकलसेलची पेशंट.

आमच्या भागात सिकलसेल म्हणजे काय ते सांगायला नको. घराघरात आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, माणूस दुखण्यानं तळमळतो, अंगातलं रक्त आटत जातं. अशांना लहानपणापासून दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. त्यातच एक धोका असतो, तो पुढं कळेल.

खिडकीवरच्या पोरीनं नाव टाकलं. क्षणात हिरवी खूण. 'पूर्वेतिहास: नाही.' मी नमुना पिशवीशी जुळवून बघितला. स्वच्छ जुळला. पहिली पिशवी वॉर्डबॉयच्या हाती दिली, दुसरी जुळवायला घेतली. सगळं इतकं झटपट झालं, की मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, देवा, हाच तो दिवस, ज्यासाठी मॅडमला आणलं.

बाहेरच्या बाकावर ललिताची आई बसली होती. फुलाबाई. एका हातात लेकीची एकच चप्पल. मी पाण्याचा ग्लास दिला.

"भाऊ, तुमी मले वळखलं नाई काय?"

"नाही काकू."

"राहू द्या. तुमाले हजार लोकं. आमी लय यायचो पहिले. हे एवढीशी होती. तुमीच तिले गोळी द्याचे, इमली वाली."

मी हसलो. चिंचेच्या गोळ्या मी साऱ्याच लेकरांना द्यायचो. "असेल काकू. पोरगी बरी होईल, घाबरू नका."

"मंग त्या खिडकीवरची पोरगी काहून म्हणे, तुमी नवीन हाय म्हणून?"

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काकू, काय म्हणाली ती?"

"म्हणे तुमी पहिल्यांदा आले. म्या म्हटलं, बाई, आमचं अर्ध आयुष्य ह्या बाकावर गेलं."

"शेवटचं कधी आला होता?"

"लय वर्सं झाले. मंग तिले सिकलच्या गोळ्या लागू पडल्या, रक्ताची गरजच नाई पडली. देवाची किरपा."

मॅडम माझ्याकडे वळल्या. उन्हातून चालत आलेल्या माणसाचा असतो तसा त्यांचा चेहरा लाल होता, तो पांढरा पडत गेलेला मी बघितला. अगदी हळू म्हणाल्या, "खोडेभाऊ, जुन्या नोंदींत काय असते?"

"नाव, गाव, गट..."

"आणखी?"

आणि काय असते, ते मला तेव्हा आठवलं.

आता तो धोका सांगतो. वारंवार परक्याचं रक्त घेणाऱ्या माणसाच्या अंगात कधी कधी त्या रक्तातल्या एखाद्या खुणेविरुद्ध वैर तयार होतं. त्याला अँटिबॉडी म्हणतात. मग ती खूण असलेलं रक्त त्याला चालत नाही. पण वर्षानुवर्षं रक्त घेतलं नाही, तर काही प्रकारचं हे वैर झोपी जातं. इतकं गाढ, की तपासणीत सापडत नाही. नमुना स्वच्छ जुळतो. आणि रक्त आत गेलं की ते जागं होतं. लगेच नाही. चार-आठ दिवसांनी. घेतलेलं रक्त फुटायला लागतं, कावीळ होते, लघवी काळी होते, आणि माणूस हातचा जातो. तपासणी फसते तिथे एकच साक्षीदार उरतो, जुनी नोंद.

आणि जुनी नोंद वाचायची वेळ कधी येते? जो पेशंट अनेक वर्षं बरा राहून परत येतो, त्याच्याच वेळी. त्याआधी ती कोणी कशाला उघडेल?

"कार्ड दिलं होतं का काकू?" मी विचारलं. "पिवळं कार्ड? जवळ ठेवा म्हणून सांगितलं असेल."

"होतं ना. घर शाकारलं तवा गेलं कुठं तं."

मॅडम धावतच आत गेल्या. "डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर पुंडकर आले. मॅडमनी चार वाक्यांत सांगितलं. डॉक्टर आधी चिडले, मग फोन उचलून वॉर्डात बोलले. ठेवला आणि म्हणाले, "पहिली पिशवी चालू झाली आहे. प्रेशर खाली आहे. दुसरी मागून राहिले ते."

"थांबवता येईल?"

"थांबवली तर पोरगी आत्ता जाईल. चालू ठेवली आणि तुमची शंका खरी निघाली, तर पुढच्या आठवड्यात जाईल. तुम्ही सांगा मॅडम, कोणतं करू?"

"माझ्याजवळ नुसती शंका आहे. उत्तर माळ्यावर आहे."

"मग काढा ना खाली!"

"काढतेच आहे." त्यांची बोटं चालतच होती. "पण डॉक्टर, जागा वाचवायला मी सगळं आवळून ठेवलं. आणि मोरपिसं काढली. जिथं कोणी जाणार नाही, तिथं पिसं कशाला ठेवायची?"

पडद्यावर ती चकरी परत आली. किती दिवसांनी बघितली मी तिला. तीच गोल, तीच संथ. पहिल्या पानापासून चाळत निघाली होती. डॉक्टर येरझारा घालत होते. दाराशी फुलाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांना सगळं कळलं होतं. चप्पल उराशी धरून म्हणाल्या, "काय झालं जी? माह्या लेकीले काय झालं?"

वॉर्डाचा फोन पुन्हा वाजला. डॉक्टर त्यात ओरडले, "मी सांगेपर्यंत दुसरी नाही! हळू चालवा. थेंबा-थेंबानं. सलाईन द्या, काहीही द्या, मला थोडा वेळ द्या."

मॅडम म्हणाल्या, "अख्खं चाळत बसलो तर संध्याकाळ होईल. काकू, इकडे या. वर्ष आठवते का? नोंदी वर्षावर्षाच्या गठ्ठ्यांत बांधल्या आहेत. वर्ष सांगाल तर तोच गठ्ठा सोडते."

"वर्स?" फुलाबाई गोंधळल्या. "मले वर्स काय समजते बाई. आमाले सणवार समजते."

"मग सण सांगा."

"ऊन होतं असंच. आन..." त्यांनी डोळे मिटले. "आन धोंड्याचा महिना होता. मोठ्या लेकीचं नवं लगन झालतं, जावयाले वाण द्याचं होतं. अनारशाचं पीठ भिजवलेलं तसंच टाकून आलती मी हिले घेऊन. नासलं सारं. अक्षय तीज व्हायची होती अजून."

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक मास, तीन वर्षांतून एकदा येणारा. मी बोटं मोजायला लागलो. ऊन, म्हणजे वैशाख नाही तर जेठ. जेठाचा धोंडा असता तर अक्षय तीज होऊन गेली असती. ती व्हायची होती, तर अधिक वैशाख. त्या वर्षी आमच्या देवळात महिनाभर कीर्तनं झाली होती, रोज नवे बुवा, मंडपाला ओली पोती बांधायचो.

"दोन हजार दहा!" मी म्हणालो. "मॅडम, दहा सालचा वैशाख."

"नक्की?"

"नक्की हो. एप्रिल-मे."

"पुढं-मागं नाही ना? चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून जावं लागेल."

"धोंड्याच्या महिन्यात चूक होत नाही मॅडम. जावई विसरू देत नाही."

त्या तशा वेळीही डॉक्टरांच्या तोंडून हसू फुटलं, आणि लगेच विझलं.

मॅडमनी चालू असलेला शोध थांबवला. हात क्षणभर अडखळला, कारण इतका वेळ चाललेलं वाया घालवायचं होतं. मग दहा सालचा गठ्ठा सोडला. पुन्हा चकरी. बाहेर उन्हात एक टिटवी सारखी ओरडत होती. मी मनात नाव घेत होतो आणि डोळे पडद्यावर होते. देवाची क्षमा मागतो, नामात माझं लक्ष नव्हतं.

एक ओळ उमटली.

ललिता चिंचोळकर. वय चौदा. खाली अँटिबॉडीचं नाव आणि पुढं, कोणी तरी कधी काळी टाइप केलेलं, 'ही खूण असलेले रक्त कधीही देऊ नये.'

डॉक्टर फोनकडे झेपावले. "बंद करा! काढा ती पिशवी. चालणारी पाठवतो." मी फ्रिज उघडला. तिच्या गटाच्या पिशव्या बाहेर काढल्या आणि एकेक तपासत गेलो. खूण. खूण. खूण. पुन्हा खूण. हात ओले, बोटं बधिर. मग एक स्वच्छ निघाली. पुढं आणखी एक. वॉर्डबॉयची वाट न बघता मी स्वतःच पिशव्या घेऊन अंगणातून पळालो. माझ्यामागून फुलाबाई, अनवाणी.

ललिता वाचली. तिच्या अंगात वाईट रक्त थोडंच गेलं होतं. पुढं कावीळ झाली, पण बेतानं. डॉक्टरांना माहीत होतं काय येणार आहे, ते वाट बघत बसलेलेच होते.

इथं टाळ्या वाजवायच्या असतील, तर वाजवू नका. आख्यान अजून संपलं नाही.

मी परत आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. डॉक्टर खुर्चीत पाय पसरून बसले होते. "मॅडम, चहा घ्या आता. झालं ते झालं. जुन्या नोंदी परत खाली आणा, थोडं हळू चालू द्या. माझी तक्रार नाही."

"आणते आहे."

"मग चेहरा असा काहून?"

"डॉक्टर, ही पोरगी वाचली कारण तिची आई बाकावर बसून बोलली. पाडव्यापासून पडदा असाच आहे." त्या थांबल्या. "जे बोलले नाहीत, त्यांचं काय?"

डॉक्टरांनी पाय जवळ घेतले. "मॅडम, नका."

"पाडव्यानंतर ज्यांना रक्त गेलं, त्यांची नावं माळ्यावरच्या नावांशी लावून बघते."

"नका म्हणतो ना मी. हे बघा, सिकलचे पेशंट जातात हो. दर महिन्याला जातात. एखादं नाव निघालं, तरी त्यातून काय सिद्ध होणार? कोणी विचारणार आहे का?"

"कोणीच विचारणार नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच बघायचं आहे."

त्यांनी बटण दाबलं. डॉक्टर उठून गेले नाहीत. तिघंही बसलो. चकरी फिरत राहिली. मला वाटत होतं, फिरतच राहावी. आयुष्यभर जिला शिव्या दिल्या, तिला मी मनात विनवत होतो, बाई, थांबू नको.

ती थांबली. एकच नाव होतं.

हिरामण घोडाम. वय एकवीस. पाडव्यानंतरच्या दोन-चार दिवसांत रक्त दिलेलं, दोन पिशव्या. माळ्यावरच्या नोंदीत तीच अँटिबॉडी, तीच सूचना.

डॉक्टरांनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "परत आला होता तो. कावीळ होऊन. लघवी काळी झाली म्हणून बाप सांगत होता. आम्ही सिकलचा झटका म्हणून उपचार केले. त्यातच गेला."

"गाव कोणतं?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही जाणार?"

"हो."

"जाऊन काय सांगणार? त्या बापाला कळणार आहे का इंडेक्स आणि माळा?"

"जेवढं कळेल तेवढं."

डॉक्टरांनी किल्ली उचलली. "एसटी नाही त्या गावाला. सकाळी गाडी मी काढतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. घाटंजीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला दहा-वीस घरं. मारोती घोडामांच्या अंगणात मोहफुलं वाळत पडली होती, सगळीकडे तो गोड, जड वास. म्हातारा हातानं फुलं पसरत होता. आम्हाला बघून बाज टाकली, पाणी दिलं. डॉक्टरांना ओळखलं त्यानं. हात जोडले. डॉक्टरांना ते हात बघवेनात.

मॅडम बाजेवर बसल्या नाहीत. त्याच्यासमोर खाली बसल्या.

"काका, हिरामणला जे रक्त दिलं, ते त्याला चालणारं नव्हतं. आमच्याकडे तशी जुनी नोंद होती. मी ती दुसरीकडे हलवली होती, म्हणून खिडकीवर दिसली नाही. हे माझ्या हातून झालं."

म्हातारा फुलं पसरत राहिला. त्याला कळलं की नाही, मला समजेना. मग त्यानं विचारलं, "म्हणजे तिथं आमचं नाव होतं?"

"होतं काका."

"खिडकीवरची बाई म्हणे, नाई. म्हणे नवीन पेशंट."

"नाव होतं. पुसलं नव्हतं. पडदा नीट शोधत नव्हता."

"आन त्याले कोणतं रक्त चालत नाई, ते बी लिवलं होतं?"

"हो. ते पण लिहिलेलं होतं."

त्याचा हात थांबला.

"पोरगं मले सांगत होतं जी," तो म्हणाला. "पलंगावर पडल्या पडल्या म्हणे, बा, लहानपणी डॉक्टर म्हणे, मले साऱ्यांचं रक्त चालत नाई. तू त्याइले सांग. म्या म्हटलं, चूप राह्य. त्याइच्या कंपूटरात तुहं नावच नाई. तुले जास्त समजते काय त्याइच्यापेक्षा?"

त्यानं मूठभर फुलं उचलली आणि तिथंच परत ठेवली.

"दोनदा म्हणे. दुसऱ्या खेपेले मी रागावलो त्याच्यावर."

मॅडमनी हात पुढं केले आणि त्या म्हाताऱ्यानं ते धरले. कोण कोणाला धरून होतं, सांगता येत नाही.

"तं पोरगं खरं बोलत होतं," तो म्हणाला.

"हो काका. तो खरं बोलत होता."

म्हाताऱ्यानं मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली. मग घराच्या दाराकडे तोंड करून, आत कोणी नसताना, मोठ्यानं म्हणाला, "आयकलं काय रे बावा? बाई म्हणते, तू खरं बोलत होता."

परत आल्यावर मॅडमनी सगळ्या नोंदी खाली आणल्या, पिसं लावली, आणि पडद्यावरचं ते 'नाही' कायमचं काढून टाकलं. आता जिथं सापडत नाही, तिथं 'माझ्याजवळ नाही, पेशंटला विचारा' असं येतं. ते येईपर्यंत चकरी थोडी फिरते. आमच्याकडे अजून कोणी तक्रार केलेली नाही. इंगोले मॅडम आता या जगात नाहीत. शेवटपर्यंत चैत्रात त्या गावाला जात होत्या. मोहफुलांची पुडी घेऊन यायच्या.

तर एवढीच विनवणी आहे मायबाप. बुवा उभे राहतील, गजर होईल, तुम्ही आपापल्या गेलेल्या माणसांची आठवण काढाल. तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी एक नाव मनात घ्या. हिरामण घोडाम, वय एकवीस. तो खरं बोलत होता.